पाठमोरी आई

आधुनिक शिल्पापुढे उभे राहिले की आपला रसिक बहुधा एकच प्रश्न विचारतो : “हे आहे तरी काय?” प्रश्न रास्त आहे, घाई तेवढी रास्त नाही.

आमच्या वडूजच्या तालुक्यातच औंध आहे. तेथील श्री भवानी संग्रहालय १९३८ साली बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारले. हे राजे स्वतः चित्रकार होते. त्यांच्या संग्रहात राजा रविवर्म्याची चित्रे आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे ‘माता आणि बालक’ही आहे. रविवर्म्यापुढे मंडळी रेंगाळतात, मूरवरून मात्र नजर फिरवून पुढे सरकतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

याचे कारण असे की, चित्रकार आपल्यासाठी बाजू निवडून देतो. घोड्यासारखी ओळखीची वस्तू किंचित तिरपी, म्हणजे समोरचा व कडेचा भाग एकदम दिसेल अशी ठेवली, तर ती चटकन ओळखू येते, असे स्टीफन पामर आणि सहकाऱ्यांना १९८१ साली आढळले. रविवर्म्याच्या नायिका पुष्कळदा अशाच किंचित वळलेल्या असतात!

मूर ही सोय काढून घेतो. त्याच्या मूर्तींत नाकडोळे नाममात्र. अंगाचे गोलावे आणि त्यांचे एकमेकांशी असलेले नाते, हेच खरे. अशी अनोळखी घडण मनात फिरवून पाहावी लागते. शेपर्ड आणि मेट्झलर यांनी १९७१ साली घनांच्या आकृत्यांवर केलेल्या प्रयोगात कोन जितका वाढला, तितका ओळखण्याचा वेळही वाढला. उलट आमच्याकडील शेतकरी आपला खिल्लार बैल मागूनही ओळखतो. त्याने तो सर्व बाजूंनी न्याहाळलेला असतो.

मूरची आई कुणा एकीची आई नव्हे, त्यामुळे तिच्यातला जिव्हाळा उशिरा उमगतो. ही मी त्याची मर्यादाच मानतो. रविवर्म्याची लाडिक लकब त्याच्यापाशी नाही. पण चुलीपुढे पाठमोरी बसलेली आपली आई ओळखायला चेहरा लागतो काय? खांद्यांचा उतार आणि मानेचा कल एवढ्यावर आपण तिला हाक मारतो. मूरने नेमके तेवढेच ठेवले आहे.

सुटीत यमाईच्या दर्शनाला औंधास जाल, तेव्हा मुलांना संग्रहालयातही न्या. त्यांनी “हे काय आहे?” म्हणून विचारले, तर लगेच उत्तर देऊ नका. दोन पावले कडेला सरकून पुन्हा पाहायला सांगा, आणि आपणही पाहा.