टिळकांचे अभंग आणि वेशीबाहेरची हलगी

मराठी ख्रिस्ती उपासनेतील संगीताविषयी लिहिताना आपले समीक्षक एकाच नावाशी थांबतात. ते नाव रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने परदेशी चालींवर बेतलेली गीते बाजूस सारून अभंग, ओवी, कीर्तन देवळात आणले. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते म्हणत. हे सर्व खरे आहे. त्याआधी 1616 साली राशोल येथे छापलेल्या फादर स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'नेही ओवीच जवळ केली होती. 'ख्रिस्ती धर्माचे भारतीयीकरण' म्हणून या परंपरेचा गौरव होतो. प्रश्न असा की, हा भारतीय म्हणजे कोण?

अहमदनगर जिल्ह्यातील मिशनच्या मंडळ्यांत बसणारी बहुसंख्य माणसे महार-मांगांची होती. त्यांच्या घरात संगीत नव्हते असे थोडेच आहे? सनई, हलगी, डफडे मांगाकडे होते. एकतारी, तुणतुणे, ढोलकी महारवाड्यात होती. त्यातले देवळात काय आले? पेटी आली, तबला आला, टाळ आले. हलगी वेशीबाहेर होती, ती बाहेरच राहिली.

याचे सगळे खापर पाद्र्यांवर फोडणे सोपे आहे. मला ते पटत नाही. हलगी ही नुसती कला नव्हती, ते गावकीचे काम होते. पाटलाच्या लग्नात, देवीच्या जत्रेत वाजवायचे आणि भाकरतुकड्यावर परतायचे. ज्याने धर्म बदलला त्याने वाद्य टाकले, त्यात आत्मसन्मानही होता. 1927 नंतर बाबासाहेबांच्या सांगण्यावरून महारांनी गावकीची हीन कामे टाकली, त्याच जातीची ही कृती.

पण आंबेडकरी चळवळीने एक पाऊल पुढे टाकले. भीमराव कर्डकांच्या जलशाने तमाशाचा साचा घेतला आणि त्यातला देव बदलला. ढोलकी तीच, पण वाजवणाऱ्याची मान ताठ. पुढे वामनदादा कर्डकांनी ते गाणे खेड्याखेड्यांत नेले. चर्चला असा शाहीर का मिळाला नाही?

उत्तर गीतांच्या आशयात शोधावे लागेल. स्वामी, दास, चरण हा शब्दसाठा भक्तिपरंपरेतून आला. ब्राह्मण कुळातल्या कवीने स्वतःला दास म्हणवून घेणे हा अहंकाराचा त्याग आहे. टिळकांच्या बाबतीत तो प्रामाणिक होता. 1917 साली त्यांनी मिशनचा पगारही सोडला. पण पिढ्यान्पिढ्या दास ठरवलेल्याने तोच शब्द गावा, यात त्याग कुठला? मी ऐकलेल्या गीतांत पाप आहे, जात नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहे. या दुःखाला उपासनेत चाल मिळालेली नाही.

तरीही हे संगीत परके म्हणून झटकता येणार नाही. चोखोबाचा अभंगही आपलाच आहे, आणि तो देवळाबाहेर उभा राहून रचलेला. ख्रिस्ती मंडळीत चोखोबाचे वंशज आत बसून, स्त्रियांसह एका सुरात गाऊ लागले, ही लहान गोष्ट नव्हे. आमच्या एका नात्यातल्या चुलतीला अक्षर ठाऊक नाही, पण 'उपासना संगीता'तली कितीतरी गीते मुखोद्गत आहेत. तिला प्रवचन आठवत नाही, चाल आठवते. मूल दगावले तेव्हा ती प्रार्थना म्हणू शकली नाही, गायली. तिच्या श्रद्धेची चिकित्सा करताना माझ्यासारख्या पहिल्या पिढीतल्या पदवीधराने जरा जपून बोलावे.

माजिवड्यात नाशिककडचा महामार्ग आणि घोडबंदर रस्ता मिळतात तिथल्या वस्त्यांत घाटावरून आलेली अशी कुटुंबे आहेत. त्यातल्या माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी गाण्यांच्या दोन वह्या आहेत. एक रविवारची. दुसरीत वामनदादा आहेत, ती चौदा एप्रिलला निघते. पेटी मात्र एकच आहे.