किण्वनाची अपुरी व्याख्या

किण्वन म्हणजे ऑक्सिजनशिवाय होणारे साखरेचे विघटन आणि लॅक्टिक आम्ल म्हणजे दह्यातील जिवाणूंची करामत, ही दोन विधाने शालेय टिपणांत हमखास आढळतात. दह्यापुरती ती ठीक आहेत. आमचा आक्षेप आहे तो त्यांना सरसकट नियम बनवण्याला.

पावावर वाढणाऱ्या काळ्या बुरशीच्याच प्रजातीतील रायझोपस ओरायझी ही बुरशी ग्लुकोजपासून भरपूर लॅक्टिक आम्ल तयार करते. मात्र त्यासाठी टाकीत हवा खेळती ठेवावी लागते. हवा अपुरी पडली की अल्कोहोलचे प्रमाण वाढते. तरीही कारखान्यात या प्रक्रियेला किण्वनच म्हणतात. कारण सूक्ष्मजीव वाढवून त्यांच्याकडून हवा तो पदार्थ मिळवणे, असा त्या शब्दाचा उद्योगातील व्यापक अर्थ आहे. सायट्रिक आम्ल आणि पेनिसिलिन यांच्या उत्पादनातही बुरशीला हवा लागतेच. शाळेतील व्याख्या पाठ केलेला विद्यार्थी पुढे येथेच अडखळतो. दोन्ही अर्थ वर्गातच वेगवेगळे सांगितले, तर हा घोळ टळेल.

याउलट, बुरशीची वाखाणणी करणारे लेखही एकांगी असतात. या बुरशीची विकरे स्टार्चची साखर करतात, साध्या क्षारांच्या द्रावणात ती वाढते आणि तिच्यापासून मिळणारे आम्ल जवळजवळ पूर्णपणे एल रूपातील असते, हे गुण खरेच आहेत. लॅक्टिक आम्लाच्या जिवाणूंना अमिनो आम्ले आणि जीवनसत्त्वे पुरवावी लागतात. जातीनुसार ते एल, डी किंवा मिश्र रूपे तयार करतात. पण हिशेबाची दुसरी बाजू अनेकदा गाळली जाते. ग्लुकोजच्या एका रेणूपासून लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू, म्हणजे 180 ग्रॅमपासून 180 ग्रॅम, ही झाली कमाल मर्यादा. चांगले जिवाणू तिच्या जवळ पोहोचतात. बुरशी सहसा मागे पडते. काही साखर तिच्या तंतूंच्या वाढीत, काही श्वसनात आणि काही अल्कोहोल व फ्युमरिक आम्लात जाते. शिवाय तंतूंचा गुंता झाला की टाकीत हवा नीट पोहोचत नाही.

म्हणून आमची सूचना अशी: व्याख्या लिहून घेण्याआधी शिक्षकांनी फळ्यावर हा 180 ग्रॅमचा जमाखर्च मांडावा. साखर कोठे गेली, हे विद्यार्थ्यांनी शोधले की ऑक्सिजनची भूमिका त्यांना आपोआप उमगेल.