‘उचल्या’तील अटक आणि दिवाणी न्यायाचा प्रश्न : एक चिकित्सा

प्रस्तावना

लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले व १९८८ मध्ये त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. लातूर परिसरातील धनेगाव येथे गेलेले बालपण, जन्मतःच कपाळी बसलेला गुन्हेगारीचा शिक्का, शाळा, सूतगिरणीतील नोकरी आणि पुढे चळवळ असा या कथनाचा प्रवास आहे. मराठी समीक्षेने या ग्रंथाची दखल प्रामुख्याने दोन अंगांनी घेतली. एक, भूक आणि चोरी यांच्या नात्याचा समाजशास्त्रीय दस्तऐवज म्हणून. दुसरे, दलित आत्मकथनांच्या प्रवाहाला भटक्या-विमुक्तांच्या अनुभवाने दिलेली जोड म्हणून. ही दोन्ही वाचने योग्यच आहेत. तथापि, या ग्रंथात वारंवार येणारी पोलिसांची धाड आणि अटक ही केवळ दारिद्र्याची पार्श्वभूमी नसून ती एक कायदेशीर इजा आहे, या अंगाने त्याचे वाचन फारसे झालेले दिसत नाही. बेकायदा अटकेबद्दल राज्यसंस्थेकडे नुकसानभरपाई मागता येते काय, हा प्रश्न समोर ठेवून या कलाकृतीचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अटकेचे चित्रण

ब्रिटिश राजवटीने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि माणसाच्या कृत्याऐवजी त्याच्या जन्मालाच गुन्हा ठरविले. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला; मात्र ठाण्यातील नोंदवह्या आणि शिपायाच्या मनातील यादी त्या दिवशी पुसली गेली नाही. ‘उचल्या’मधील आजोबांची पोलिसांपुढील हजेरी, रात्री-अपरात्री होणारी झडती, घरातील बायामाणसांची विटंबना हे सारे या न पुसलेल्या यादीचेच परिणाम होत.

या चित्रणाचे वैशिष्ट्य असे की, अटक येथे एखाद्या विशिष्ट घटनेचा परिणाम म्हणून येत नाही. चोरी झाली तरी पोलीस येतात, नाही झाली तरी येतात. निवेदक दुष्काळ, आजार आणि उपासमार ज्या स्वरात सांगतो त्याच स्वरात धाडही सांगतो. मार सहन करता यावा व पोलिसांपुढे तोंड उघडू नये म्हणून लहान मुलांना आधीच मारून तयार करण्याचा प्रसंग या दृष्टीने सर्वाधिक अर्थपूर्ण ठरतो. कोठडीतील छळ जिथे शिक्षणक्रमाचा भाग बनतो, तिथे तो अन्याय म्हणून ओळखण्याची शक्यताच मावळते. तक्रार करण्यासाठी आधी ‘हे असे असायला नको होते’ ही जाणीव लागते. ती जाणीव निवेदकाच्या मनात कशी उमलत गेली, हे या आत्मकथनाचे खरे कथासूत्र मानावे लागेल.

कायद्यातील वाट

भारतीय कायद्यानुसार बेकायदा अटक ही दिवाणी स्वरूपाची आगळीकही आहे. पीडित व्यक्ती दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा दाखल करू शकते. पण ही वाट अरुंद आहे. १९६३ च्या मुदत कायद्यातील अनुच्छेद ७३ नुसार बेकायदा कैदेबद्दलचा दावा कैद संपल्यापासून, तर अनुच्छेद ७४ नुसार द्वेषमूलक खटल्याबद्दलचा दावा निर्दोष सुटका झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. शासनाविरुद्ध दाव्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. त्याखेरीज मागणीच्या रकमेनुसार कोर्ट फी, वकील आणि वर्षानुवर्षांच्या तारखा आहेतच. निर्धन व्यक्तीस कोर्ट फीतून सवलत मिळू शकते; मात्र निर्धनता सिद्ध करणे हेही एक प्रकरणच होऊन बसते. कोपरगावसारख्या साखर कारखान्यांच्या तालुक्यात हंगामापुरती पाले टाकणाऱ्या कुटुंबाचा विचार केला, तर हंगाम संपल्यावर ज्याचा पत्ताच बदलतो, त्याने या न्यायालयाची पायरी किती वेळा चढावी, हा प्रश्न काल्पनिक राहत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९६५ च्या कस्तुरीलाल प्रकरणात पोलिसांच्या कृत्याबद्दल राज्याचे दायित्व नाकारले होते. १९८३ च्या रुदुल शाह प्रकरणात मात्र न्यायालयाने दुसरी वाट काढली. निर्दोष ठरल्यानंतरही सुमारे चौदा वर्षे बिहारच्या तुरुंगात राहिलेल्या या इसमास एकूण ३५,००० रुपये देण्याचा आदेश झाला आणि त्यामुळे नेहमीचा दिवाणी दावा करण्याचा मार्ग बंद होत नाही, असेही स्पष्ट केले गेले. पुढे १९९३ च्या नीलबती बेहेरा व १९९६ च्या डी. के. बसू या निर्णयांनी हे तत्त्व दृढ केले. तथापि, ही भरपाई रिट अधिकारात मिळते. ती न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असते. संविधिबद्ध हक्काचे स्वरूप तिला अद्याप आलेले नाही. १९७९ मध्ये नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील होताना, बेकायदा अटकेबद्दल राज्याविरुद्ध भरपाईचा अंमलबजावणीयोग्य हक्क भारतीय व्यवस्थेत नाही, असे भारताने स्वतःच नोंदविले होते. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मधील २७७ व्या अहवालात यासाठी स्वतंत्र कायदा व विशेष न्यायालये सुचविली. तसा कायदा झालेला नाही. २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही, पुरेशा कारणाविना अटक करविणाऱ्या व्यक्तीकडून मिळणाऱ्या भरपाईची कमाल मर्यादा एक हजार रुपयेच ठेवण्यात आली आहे.

न्यायनिर्णयातील माणूस

‘उचल्या’नंतर तीन दशकांनी आलेला एक न्यायनिर्णय या आत्मकथनाशेजारी ठेवून वाचण्याजोगा आहे. जून २००३ मध्ये नाशिकजवळ घडलेल्या दरोडा व हत्याकांडाच्या प्रकरणात भटक्या जमातीतील सहा मजुरांना अटक झाली. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली व तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही फाशी दिली. मात्र पुनर्विलोकनानंतर ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने, अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात, सर्वांना निर्दोष मुक्त केले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांच्या छायाचित्रसंग्रहातून वेगळ्याच चार इसमांना ओळखले होते व त्या दिशेने तपासच झाला नव्हता, ही बाब या निर्णयात निर्णायक ठरली. आरोपी भटक्या जमातीचे, तळागाळातील गरीब मजूर असल्याने त्यांना खोटे गोवले जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, असेही न्यायालयाने नमूद केले. प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई आणि तपासातील दोषींविरुद्ध खातेनिहाय कारवाईचा आदेश झाला. सुमारे सोळा वर्षांच्या हिशेबाने ही रक्कम दिवसाला शंभर रुपयांहूनही कमी भरते.

गायकवाडांनी जे अनुभवाच्या पातळीवर मांडले, त्याला या निर्णयाने न्यायिक मान्यता दिली असे म्हणता येईल. पण दोन्ही संहितांतील अंतरही लक्षणीय आहे. निर्णयात पुरावा, तारखा आणि त्रुटी आहेत. तुरुंगातील वर्षे फक्त एका आकड्यात येतात. आत्मकथनात त्या वर्षांचे मोल आहे. पण तारीख, स्टेशन डायरी, अटकेचा कागद नाही. दिवाणी दाव्याला मात्र दोन्ही लागतात. बुडालेली मजुरी, मोडलेले घर, गेलेली अब्रू यांचा हिशेब मांडायचा, तर निर्णयाची शिस्त आणि आत्मकथनाचा तपशील एकत्र यावा लागतो.

कलाकृतीच्या मर्यादा

‘उचल्या’चे मोठे सामर्थ्य असे की, निवेदक आपल्या माणसांना निष्पाप ठरवीत नाही. चोरी होते, ती शिकविली जाते, हे तो लपवीत नाही. बेकायदा अटकेविरुद्धचे संरक्षण चारित्र्याच्या दाखल्यावर अवलंबून नसते, हे तत्त्व यातून वाचकास आपसूक उमगते. न्यायालयीन भरपाई बहुधा पूर्ण निर्दोष व्यक्तीपर्यंतच पोहोचते. साहित्य त्यापलीकडे जाते. असे असले तरी ग्रंथाचा उत्तरार्ध काही ठिकाणी कार्यकर्त्याच्या भाषणाकडे झुकतो व प्रसंगांची धार कमी होते. स्त्रियांनी सोसलेला पोलिसी अत्याचारही मुलाच्या नजरेतूनच दिसतो. त्यांची स्वतःची साक्ष येत नाही.

समारोप

पश्चिम बंगालमधील पुरुलिया येथे फेब्रुवारी १९९८ मध्ये बुधन सबर या विमुक्त जमातीतील तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त व भटक्या जमातींच्या हक्कांसाठी अखिल भारतीय पातळीवर संघटन उभे केले, आणि कोलकाता उच्च न्यायालयाने बुधनच्या पत्नीस भरपाई देण्याचा आदेश दिला. आत्मकथन लिहिणारा लेखक न्यायालयीन लढ्याच्या दारापर्यंत आला, ही बाब ‘उचल्या’च्या वाचनात महत्त्वाची मानली पाहिजे. अन्यायाला नाव देणे हे साहित्याचे काम ‘उचल्या’ने केले, त्या नावाने दावा दाखल करता यावा, एवढी मुदत, फी आणि कायदा उपलब्ध करून देणे हे राज्यसंस्थेचे काम अपुरे राहिले आहे. पदवी वर्गांत ही कलाकृती शिकविताना भूक आणि चोरी यांच्याबरोबरच अटक आणि भरपाई यांचीही चर्चा व्हावी. विधी, समाजशास्त्र आणि मराठी या विषयांच्या अध्यापकांनी हे वाचन एकत्र हाती घेतल्यास त्याचा विद्यार्थ्यांना निश्चित लाभ होईल.