मुलांचा ग्रंथपाल : एक दुर्लक्षित समीक्षक

आपल्याकडे बालवाङ्मयाची चर्चा दोनच प्रसंगी होते. एक, साहित्यसंमेलनातल्या एखाद्या दुपारच्या परिसंवादात. आणि दुसरी, मुले वाचत नाहीत अशी हाकाटी सुरू झाली म्हणजे. दोन्ही वेळी लेखक बोलतात, शिक्षक बोलतात, प्रकाशक बोलतात. ज्याच्या हातून पुस्तक प्रत्यक्ष मुलाच्या हातात जाते, तो वाचनालयातला ग्रंथपाल या चर्चेत कधी दिसत नाही. त्याने दाखल नोंदवही ठेवावी, देवघेवीच्या टेबलाशी बसावे, उशिरा परत आलेल्या पुस्तकाचा दंड घ्यावा, एवढीच आपली त्याच्याविषयीची कल्पना. वस्तुतः समोर उभ्या असलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला शंभर पुस्तकांतून एक काढून देणे हा वाङ्मयीन निर्णय आहे. त्यात पुस्तकाची पारख आहे, तशी वाचकाचीही आहे. आम्ही छापील समीक्षा लिहिणारे दुसऱ्या पारखीच्या वाटेला सहसा जात नाही. आमचा निकाल चुकला तर फार तर लेखक रागावतो. ग्रंथपालाचा चुकला तर ते मूल पुन्हा त्या टेबलाशी येत नाही.

हा प्रश्न खानदेशाच्या निमित्ताने मांडण्यास सबळ कारण आहे. बोललेल्या शब्दाचे पुस्तक कसे होते, याची ठळक उदाहरणे या भूमीने दिली आहेत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरून घेत होते. त्यातून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ झाला. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि जात्यावर त्या जे गात, ते घरच्या माणसांनी टिपून ठेवले म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, मराठीला त्यांची कविता मिळाली. आधी कान, मग डोळा, असा हा क्रम आहे. मुलाच्या वाचनाचाही क्रम हाच असतो. बोलण्याचे पुस्तक करणारे या प्रदेशाला लाभले. पुस्तकाचे पुन्हा बोलणे करणारा माणूस वाचनालयात हवा, आणि तेथेच तो सापडत नाही.

आता एकच पुस्तक घेऊन पाहू. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत लिहिले. ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात गुरुजी सहा वर्षे शिक्षक होते आणि तेथल्या छात्रालयाची देखभाल करीत होते. मुलांसाठी त्यांनी हाताने लिहिलेले दैनिक चालविले, ‘विद्यार्थी’ मासिक काढले. म्हणजे समोर कोण बसले आहे हे पाहून शब्द निवडण्याची सवय त्यांना आधीपासून होती. पुस्तकाची रचनाही तशीच आहे. त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत, एकंदर बेचाळीस. आश्रमातल्या सोबत्यांना श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो, आणि उरलेली गोष्ट उद्यावर जाते. मोठ्याने वाचण्याच्या कार्यक्रमाचा आराखडाच लेखकाने पुस्तकात घालून दिला आहे.

आणि आपण या पुस्तकाचे काय करतो? बक्षीस म्हणून देतो; सुटीत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढ असे सांगतो; ‘यातून काय बोध घेतलास?’ असे विचारतो. जाणता ग्रंथपाल असे करणार नाही. आठ वर्षांच्या मुलांपुढे तो श्यामच्या पोहण्याची रात्र वाचील. विहिरीची भीती, लपून बसलेला श्याम, आईचा मार आणि शेवटी पाण्यात पडणे, यांत मुलांना आपलेच काहीतरी दिसते. अळणी भाजीची रात्र त्यांना लगेच कळते, कारण जेवताना मोठी माणसे काय बोलतात आणि काय गिळून टाकतात, हे मुले आपल्यापेक्षा बारकाईने पाहत असतात. पण कर्जाने खचलेले घर आणि आईचे मरण यांच्या शेवटच्या रात्री त्याच मुलाने एकट्याने वाचाव्यात काय? मला वाटते, त्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या आहेत. लहानाने त्या ऐकायच्याच असतील तर जवळ कोणीतरी असताना. ‘योग्य पुस्तक’ म्हणजे काय, याचे उत्तर असे एकेका रात्रीपर्यंत खाली उतरावे लागते. ‘वय ८ ते १४’ ही मुखपृष्ठावरची पाटी ते देऊ शकत नाही.

पाट्यांवर विसंबले की काय होते, याला जळगावचाच दाखला आहे. १९०७ साली तेथे भरलेल्या कविसंमेलनात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. त्या पदवीतला ‘बाल’ कवीच्या वयाचा होता, वाचकाच्या वयाचा नव्हे. तरीही ते नाव पाहून त्यांची समग्र कविता मुलांच्या कपाटात ठेवणारा कोणी निघालाच, तर त्याने ती उघडून पाहिली नाही एवढेच सिद्ध होईल. त्या कवितेतली काळोखी उदासी मुलांच्या खेळण्याची वस्तू नाही. उलट १९६१ साली ‘राणीची बाग’ लिहिणारे विंदा करंदीकर मोठ्यांचे कवी म्हणून वरच्या फळीवर जाऊन बसले, तर तोटा मुलांचा.

पालकांची मागणी बहुधा ठरलेली असते : ‘काहीतरी संस्काराचे द्या.’ ही मागणी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. वर्गणी भरून मुलाचे नाव घालणाऱ्या बापाला मूल चांगले निघावे असे वाटते, यात गैर काय? पण संस्कार हा औषधाच्या मात्रेसारखा पुस्तकातून काढून देता येत नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे कोणताही उपदेश करीत नाही. तो फक्त धावतो, आणि संकटात सापडलेल्याला सोडून पळत नाही. बाराव्या वर्षी त्याच्यामागे धावलेल्या मुलावर जो संस्कार होतो, तो तात्पर्याच्या चौकटीतल्या ओळीने होत नाही. ग्रंथपालाने पालकाशी वाद घालू नये. एक पुस्तक बापाच्या पसंतीचे आणि एक मुलाच्या पसंतीचे द्यावे, आणि कोणते लवकर परत येते ते पाहावे. मुलाला विचारावे ते ‘आवडले का?’ असे नव्हे. कारण ‘हो’ म्हणायला ते शिकलेले असते. ‘कुठे सोडलेस?’ असे विचारावे. मुले जेथे पुस्तक सोडतात त्या पानांची वही कोणी ठेवील, तर ती आपल्या बालवाङ्मयाची सर्वांत प्रामाणिक समीक्षा होईल.

खानदेशात आणखी एक अडचण आहे, ती बोलीची. धुळ्याच्या आसपासचे मूल घरी अहिराणी बोलते, यावल-रावेरकडचे लेवा बोली, सातपुड्याच्या पायथ्याचे भिल्ली किंवा पावरी. ज्याच्या घरी ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात, त्याला पुस्तकातली मराठी पाहुण्यासारखी भेटते. त्यात ‘श्यामची आई’ कोकणातली. केळीच्या बागा आणि कपाशीची काळी जमीन पाहणाऱ्या, पांझरा-गिरणेच्या काठच्या मुलाला समुद्राची भरती आणि कोकणातली वाडी कोण दाखविणार? हे काम छापील टीप करीत नाही, सांगणारा करतो. गुरुजी स्वतः पालगडचे. खानदेशी मुलांशी बोलता बोलता त्यांनी हे अंतर तोडले. गोष्ट वाचताना मध्येच दोन वाक्ये मुलांच्या बोलीत सांगणारा ग्रंथपाल भाषा बिघडवीत नाही. तो दार उघडतो.

गोष्टीच्या वेळेची परंपरा आपल्याकडे नाही असे नाही. गुरुजींच्या मृत्यूनंतर, १९५१ साली, प्रकाशभाई मोहाडीकर यांच्या पुढाकाराने साने गुरुजी कथामाला सुरू झाली आणि गावोगाव मुलांना गोष्टी ऐकायला मिळाल्या. कथामालेचा भर सांगण्यावर होता. ग्रंथपालाचे काम त्याच्या पुढचे आहे : गोष्ट संपताच ती जिच्यात आहे ते पुस्तक टेबलावर दिसले पाहिजे. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९०६ पासून मुलांचे काम पाहणाऱ्या ॲन कॅरोल मूर यांनी कथाकथनाला तेथल्या बालविभागात मानाचे स्थान दिले. आपल्या शेजारी बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांची घडी बसविली. तेव्हा ही काही न झेपणारी परदेशी चैन नव्हे. एक सतरंजी, वीस मिनिटे, आदल्या दिवशी मोठ्याने वाचून पाहिलेले पुस्तक, आणि गोष्ट ऐन रंगात आली असता थांबण्याचे धैर्य, एवढे भांडवल पुरते. मात्र त्या पुस्तकाच्या तीन-चार प्रती हव्यात. एकच प्रत असली की भूक वीस जणांना लागते आणि घास एकाला मिळतो.

१९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचे वर्ग ठरले आणि वर्गानुसार अनुदान मिळू लागले. पुस्तके किती, सभासद किती, हे मोजता येते, म्हणून ते मोजले जाते. बालविभागात बसणाऱ्या माणसाने तेथली पुस्तके वाचली आहेत काय, हे कोणत्याही तक्त्यात येत नाही. १९५२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये अमळनेरला मराठी साहित्याचे संमेलन भरले. दोन्ही वेळा मांडव उठल्यावर गावातली मुले आणि गावातले वाचनालय तेथेच राहिले. पुढच्या संमेलनाने ठराव करायचाच असेल तर एक साधा करावा : मुलांच्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असेल, त्याला आठवड्यातून काही तास ती पुस्तके वाचण्यासाठी पगारी मिळावेत. ज्याने स्वतः पुस्तक वाचलेले नाही, त्याने ते मुलाला दिले, तर तो केवळ नोंद करतो. वाचलेल्याने दिले, तर त्या देण्यातच अर्धी गोष्ट सांगून झालेली असते.