अद्भुत वस्तू आणि तिची मूठ

संगणकीय खेळांतील अद्भुत शस्त्रे, कवचे, मणी यांची चित्रे आता शब्दांवरून चित्र घडविणाऱ्या कृत्रिम प्रज्ञेच्या प्रारूपांकडून करवून घेतली जातात. त्यांच्याकडे केवळ तंत्राचा प्रश्न म्हणून पाहणे पुरेसे नाही. अद्भुत वस्तूला अर्थ कोठून प्राप्त होतो, हा समीक्षेचा जुनाच प्रश्न त्यांच्यामुळे नव्याने उपस्थित होतो.

कळंब्यातील एका विद्यार्थ्याने आपल्या खेळासाठी अशा प्रारूपाकडे दांडपट्टा मागितला. मिळाले ते निळ्या तेजाने झळाळणारे, वक्र पात्याचे, उघड्या मुठीचे खड्ग. वस्तुतः कोल्हापूरच्या मर्दानी खेळांत फिरणाऱ्या पट्ट्याचे पाते सरळ व लांब असते. हात जवळजवळ कोपरापर्यंत लोखंडी आवरणात जातो आणि आतली आडवी मूठ पकडतो. ही मूठ चित्रात सहसा दिसत नाही. ती पट्टेकऱ्याच्या हाताला ठाऊक असते.

या चुकीचे मूळ कार्यपद्धतीत आहे. २०२२ मध्ये खुले झालेले स्टेबल डिफ्यूजन हे प्रारूप प्रामुख्याने चित्रे आणि त्यांना जोडलेला इंग्रजी मजकूर यांवर घडले. ते विस्कळीत ठिपक्यांपासून आरंभ करते व शब्दांच्या अनुरोधाने टप्प्याटप्प्याने आकृती स्पष्ट करीत जाते. शब्द विरळ असेल, तर त्याच्या जागी परिचित आकृती येते. म्हणून हा केवळ देशी-परकी असा वाद नव्हे. वस्तूचे नाव तिच्या वापरापासून तुटल्याचा हा परिणाम आहे.

व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ साली लोककथेच्या रूपविचारात दाखविले, की जादूची वस्तू नायकाला दात्याकडून, बहुधा कसोटीनंतर, मिळते. तिचे सामर्थ्य कथाक्रमातील स्थानात असते, झळाळीत नव्हे. आपल्या व्रतकथांतील तांदूळ-सुपारीही दिसायला साधीच असतात. खेळांत मात्र दर्जा रंगाने सांगितला जातो : ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये दुर्मीळ वस्तू निळी, त्यावरची जांभळी, त्याहून वरची नारिंगी. खेळाडूलाही ती झगडूनच मिळवावी लागते, हे खरे. परंतु प्रारूप त्या झगड्याची खूण तेवढी उचलते.

चित्रकारही संकेतांचे अनुकरण करतो, हा आक्षेप रास्त आहे. तथापि चित्रकार तालमीत जाऊन विचारू शकतो. त्या विद्यार्थ्याने अखेर तेच केले. पट्टा हातात घालून पाहिल्यावर त्याने प्रारूपाला नाव न सांगता पात्याचे व आवरणाचे वर्णन दिले. आकृती बरीच जवळ आली. आतली मूठ मात्र त्याने स्वतः रेखाटली. नावाने जे मिळाले नाही ते वर्णनाने मिळाले, आणि वर्णनासाठी हात आधी वस्तूत जावा लागला.