चाळीबाहेरची चाळ

चाळीच्या साहित्याची आपली चर्चा गॅलरीत सुरू होते आणि गॅलरीतच संपते. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) तर हमखास गतकाळाच्या हळहळीने वाचली जाते. हा दोष पुस्तकाचा नव्हे, आपल्या वाचनाचा आहे.

गिरगावात चाळ दाराशी संपत नव्हती. १८९३पासून सार्वजनिक गणेशोत्सव करणारी केशवजी नाईक चाळ, १९३५ साली स्थापन झालेला मुंबई मराठी साहित्य संघ, ठाकूरद्वार, चर्नी रोड स्थानक, सारे पायी पोचण्याच्या टप्प्यात. दहा बाय बाराच्या खोलीत माणसे राहू शकली ती या अंतरांच्या भरवशावर. हे ध्यानात घेतले की ‘भ्रमण मंडळ’मधली प्रवासाची तारांबळ नुसती फजिती उरत नाही, सगळे जग चालण्याच्या अंतरावर असलेल्यांची ती गोष्ट होते.

गिरणगावात हाच रस्ता वेगळा दिसतो. नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’मध्ये (१९६६) तो सोय नाही, शाळा आहे. रस्त्यावर सापडलेल्या आणि गिरणी कामगाराने वाढवलेल्या या कवीला वर्गातले शिक्षण फारसे लाभले नव्हते. पु. लं.ची माणसे रस्त्याने घरी परततात. सुर्वे रस्त्यातच घडतात. म्हणून ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचायला हवीत.

आज पुनर्विकासात खोलीच्या चौरस फुटांचा हिशेब होतो, पायी अंतराचा होत नाही. खोली मोठी मिळते, पण तोवर शेजार डोंबिवली-विरारला गेलेला असतो. नेमके काय गमावले हे सांगायचे, तर समीक्षेनेही गॅलरीतून खाली उतरायला हवे.