स्टॅनलीचा डबा आणि शाळेची खिचडी

लहान मुलांवरच्या चांगल्या हिंदी सिनेमांची यादी कुणी केली, की त्यात अमोल गुप्ते यांचा ‘स्टॅनली का डब्बा’ (२०११) असतोच. मलाही तो आवडतो. पण त्याच्याशी माझं एक भांडण आहे, आणि ते त्या सिनेमापुरतं नाही. (पुढे शेवट उघड केला आहे. पाहिला नसेल तर आधी पाहून या.)

मुंबईतल्या एका कॉन्व्हेंट शाळेत शिकणारा स्टॅनली डबा आणत नाही. मधल्या सुट्टीत पाणी पिऊन वेळ काढतो, काहीतरी थाप मारतो. मित्र त्याला आपल्या डब्यात सामील करून घेतात. हिंदीचे वर्मा सर, म्हणजे मुलांचे ‘खडूस’, स्वतःच पोरांच्या डब्यांवर डोळा ठेवून असतात. तेच स्टॅनलीला बजावतात : डबा नाही, तर शाळेत यायचं नाही. काही दिवसांनी स्टॅनली डबा घेऊन येतो. आई काय काय करते, याच्या रंगवून रंगवून गोष्टी सांगतो. शेवटी कळतं, की त्याचे आईवडील अपघातात गेलेत. तो काकाच्या हॉटेलात राबतो आणि तिथला आचारी अक्रम रात्री उरलेलं अन्न त्याच्या डब्यात भरून देतो.

सिनेमाला एक गोष्ट अचूक कळली आहे : भूक मूल लपवतं. डबा हे नुसतं जेवण नसतं. घरी सकाळी उठून स्वयंपाक करणारं कुणी आहे का, त्याला वेळ आहे का, हातात पैसे आहेत का, हे सगळं झाकण उघडताच वर्गाला दिसतं. म्हणून कॅमेरा वर्गमित्राच्या चार कप्प्यांच्या डब्यावर रेंगाळतो, तेव्हा ते दृश्य जितकं चविष्ट तितकंच क्रूर वाटतं. आणि गुप्ते हे गुपित आपल्यापासूनही शेवटपर्यंत राखतात. दीड तास तो मुलगा समोर असतो, तरी तो कुठे राहतो हे आपण विचारत नाही. वर्गातल्या शिक्षकांसारखेच आपणही.

माझं भांडण सुरू होतं ते उत्तरापाशी. खडूस शरमतो आणि शाळा सोडून जातो. अक्रम मायेनं डबा भरतो. आपले डोळे भरून येतात. शेवटी पडद्यावर बालमजुरीबद्दल मजकूर येतो आणि दिवे लागतात. पण अक्रमनं उद्या नोकरी सोडली तर? आमच्या क्षेत्रात सर्व्हर बंद पडल्यावर रात्रभर जागून तो चालू करणाऱ्याचं कौतुक होतं. तेच दर आठवड्याला व्हायला लागलं, की मात्र कौतुक थांबवून रचना तपासावी लागते. स्टॅनलीचं जेवण एका माणसाच्या चांगुलपणावर उभं आहे, आणि सिनेमा त्या माणसाला सलाम करून थांबतो.

खरं उत्तर सिनेमा येण्याच्या कितीतरी आधीपासून अस्तित्वात होतं. तामिळनाडूत कामराज यांनी १९५६मध्ये शाळेत जेवण सुरू केलं, एमजीआर यांनी १९८२मध्ये ते वाढवलं. केंद्राची योजना १९९५ची. तेव्हा बऱ्याच राज्यांत मुलाच्या हातात महिन्याला तीन किलो धान्य ठेवलं जाई आणि ते घरच्या डब्यात रिकामं होई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं : शिजवलेलं अन्न द्या, शाळेत द्या. आज सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांचा तो कायदेशीर हक्क आहे. पाचवीपर्यंत ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, पुढे ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम.

खिचडीचं मोठेपण या आकड्यांच्या पलीकडचं आहे. ती एकाच पातेल्यातून सगळ्यांच्या ताटात येते. कुणाच्या घरी आई आहे, कुणाच्या नाही, हे ताटावरून कळत नाही. कुणाला थाप मारावी लागत नाही, कुणाचे आभार मानावे लागत नाहीत.

“ती खिचडी कधी पाहिली आहेस का?” हा आक्षेप मला ठाऊक आहे. तो खराही आहे. बिहारमध्ये २०१३ साली शाळेतल्या विषारी जेवणानं २३ मुलं दगावली. जेवण रांधणाऱ्या बायकांसाठी केंद्राचा निकष २००९पासून महिना १,००० रुपयांवरच अडकलाय, तोही वर्षातले १० महिने. राज्यं त्यात आपली भर घालतात, तरी ती रक्कम मजुरी म्हणण्याजोगी होत नाही. पण हे सगळं योजना सुधारण्याचं कारण आहे, आखडती घेण्याचं नाही. हक्क असला की निदान जाब विचारता येतो. अक्रमला कोण जाब विचारणार, आणि का?

दुर्दैवानं आपलं सरकारही आता सिनेमासारखाच विचार करू लागलं आहे. महाराष्ट्रानं नोव्हेंबर २०२३मध्ये या आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५मध्ये त्याचा निधी काढून घेतला. अंडं हवं असेल तर शाळेनं ते लोकसहभागातून उभं करावं, असं ठरलं. लोकसहभाग म्हणजे काय? गावोगावी एकेक अक्रम शोधा. तो सधन गावात सापडेल. जिथे अंड्याची सगळ्यात जास्त गरज आहे, त्या पाड्यावर तो कुठून यायचा?

म्हणून ‘स्टॅनली का डब्बा’ जरूर पाहा, रडू आलं तर रडा. मग घराजवळच्या महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन दोन प्रश्न विचारा : मुलांना शेवटचं अंडं कधी मिळालं? आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंचं मानधन कुठल्या महिन्यापर्यंत जमा झालंय?